रेतीत हवा काढावी लागते

रीनानं दोन रिकाम्या पिशव्या मागच्या सीटवर टाकल्या, माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आज नदीतून जाऊ."

मी चावी फिरवायचा थांबलो. एप्रिलची सकाळ, अजून आठ वाजायचे होते. परवा तिच्या बाबांचं वर्षश्राद्ध, त्याचं सामान आणायला आम्ही ब्रह्मपुरीला निघालो होतो. याच गाडीत, याच नदीत, गेल्या एप्रिलात तिचे बाबा गेले. गाडी मी चालवत होतो.

"काऊन?" मी विचारलं.

"मले पाहाचं आहे. निघते का नाई थे."

"अन् नाई निघाली तं?"

"तं मायचं खरं," ती म्हणाली आणि तिनं बेल्ट लावला.

तिच्या मायचं खरं म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमचं गाव वैनगंगेच्या काठावर, आरमोरीच्या बाजूला. समोरच्या काठावर ब्रह्मपुरीकडे जाणारी डांबरी सडक दिसते, तिच्यावरून जाणारी एसटीसुद्धा दिसते. पण तिथं पोचायचं तर आधी मागं वळून आरमोरीचा रस्ता धरायचा, मग पूल, मग पलीकडून पुन्हा खाली यायचं. तासाभराचा फेरा. उन्हाळ्यात मात्र नदी आटते. पात्रात नुसती रेती उरते आणि मधोमध गुडघाभर पाण्याची एक धार. तेव्हा ट्रॅक्टर आणि बैलगाड्या सरळ पात्रातून पलीकडे जातात. माझे सासरे, भैयाजी मामा, त्या रेतीत दरवर्षी डांगरवाडी लावायचे. टरबुजाला आम्ही डांगर म्हणतो. मामाजींचं डांगर आरमोरीच्या बाजारात नावानं विकलं जायचं.

दोन वर्षांपूर्वी मी ट्रॅक्टरची ड्रायव्हरी सोडली आणि सवारीसाठी नागपुरातून ही जुनी गाडी आणली. दिसायला लहानखुरीच, पण हिची चारही चाकं ओढतात. गावानं पोटभर चेष्टा केली. "चारही चाकं वढते म्हंता, तं मांगं नांगर जोडा ना भाऊ!" मीही काही कमी नव्हतो. ही गाडी कुठेच अडत नाही असं ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गेल्या एप्रिलात भर दुपारी मामाजींच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका कुरखेड्याच्या बाजूला गेलेली होती, यायला तास-सव्वा तास लागेल म्हणाले. आम्ही मामाजींना मागच्या सीटवर आडवं केलं. माझ्या सासूबाई, अन्नपूर्णा मामी, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मामी म्हणाल्या, पुलावरून ने. रीना म्हणाली, "पुलावरून तास लागते. नदीतून न्या." मी नदीतून नेली.

गाडी पाण्याच्या धारेपर्यंतही पोचली नाही. अर्ध्या पात्रात पोट टेकवून बसली. मी ट्रॅक्टर आणायला गावाकडे धावलो. परत आलो तर मामाजी गेले होते. मामींनी पदर त्यांच्या तोंडावर आडवा धरला होता, ऊन लागू नये म्हणून. गेलेत हे त्यांना कळलं होतं, तरी धरला होता.

तेरवीच्या दिवशी मामी चारचौघांत रीनाला बोलल्या. "मी पुलावरून ने म्हनत होती. तू नदीतून म्हनलं." बस, एवढंच. त्यानंतर वर्षभरात त्यांनी पोटच्या पोरीशी एक शब्द काढला नाही. दोन गल्ल्या सोडून घर आहे. निरोप असला तर माझ्याकडे, फोन केला तर मला. रीना समोर बसलेली असली तरी "तिले सांग" म्हणून मलाच सांगतात. मला मात्र त्यांनी कधी बोल लावला नाही. जावयानं जिवाचा आटापिटा केला, रेतीपुढे कुणाचं चालतं, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यांच्या घरी अजूनही पहिलं ताट माझं वाढतात.

गावही तेच म्हणतं. रेतीत कार चालतच नाही, चंदन बिचारा काय करणार. पोरीनं उगाच नदीतून न्यायला लावलं. असं समजुतीचं बोलणारा माणूस भेटला की त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटायची, पण हात उठायचा नाही. राग यायचा तोसुद्धा मला नाही, दुसऱ्याच कुणाला आल्यासारखा. वर्षभर माझं असंच चाललंय. जेवतो, पण काय जेवलो ते उठल्यावर सांगता येत नाही. लग्नाच्या सवाऱ्या मारल्या, मयतीच्या मारल्या, दोन्हीकडे सारखाच चेहरा. रीनाचंही तसंच. आम्ही भांडलो नाही की एकमेकांजवळ रडलो नाही. भाजी संपली, सिलिंडर आणायचा आहे, इतकं बोलायचो आणि झोपायचो.

माझी चूक काय होती ते मला फेब्रुवारीत कळलं.

ब्रह्मपुरीत बशीरभाईंचं टायरचं दुकान आहे. ते बरीच वर्षं आखातात होते, तिथं हेच काम करायचे. मी पंक्चर काढायला गेलो होतो. चाक खोलता खोलता ते सहज म्हणाले, "चंदनभाऊ, बुरा मत मानना. त्या दिवशी टायरमध्ये हवा किती होती?"

"छत्तीस," मी म्हणालो. "सकाळी वऱ्हाडाची सवारी होती. लोड म्हणून जास्तीची भरली होती."

त्यांनी पाना खाली ठेवला. "रेतीत हवा भराची नसते, काढा लागते. आधी काढाची. सोळावर आणाची. टायर पसरला पाह्यजे, उंटाचा पाय पसरते तसा. अन् गाडी बसून राह्यली असं वाटलं, का एक्सिलेटर सोडाचा. बिलकुल सोडाचा. आल्या रस्त्यानं मांगं घ्याची अन् मंग पुन्हा पुढं."

"मी तं दाबून धरला होता," मी म्हणालो.

बशीरभाईंनी पाना पुन्हा उचलला. चाक बसवलं आणि हवा मोजायचा त्यांचा जुना काटा कपड्यानं पुसून माझ्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत.

आम्ही धानाची माणसं. भाताच्या बांधीत चिखलणी करताना ट्रॅक्टरचं चाक फसलं तर आम्ही एक्सिलेटर सोडत नाही. चाक चिखलात खाली जातं, हातभर खाली टणक जमीन लागते, चाक तिला धरतं आणि ट्रॅक्टर हिसके देत बाहेर निघतो. पंधरा वर्षं मी हेच करत आलो. त्या दिवशीही तेच केलं. गाडी खचायला लागली तसा आणखी दाबला. आता टणक लागेल, आता लागेल. चारही चाकांनी मिळून चार खड्डे खणले. मागून मामाजी काहीतरी सांगत होते, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. जन्म रेतीत काढलेला माणूस, काय सांगत असेल ते मी आता ओळखू शकतो. रेतीला खाली टणक नसतं. जितकं खणाल तितकी रेतीच.

बशीरभाईंकडून आल्यावर मी एकदा एकटाच नदीत उतरलो. हवा काढली आणि गेलो. गाडी पलीकडे निघाली. माझा विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, चार दिवसांनी आणखी एकदा. तिन्ही वेळा निघाली. तिसऱ्या वेळी पलीकडच्या काठावर गाडी उभी करून मी बराच वेळ स्टेअरिंग धरून बसलो. रीनाचं काही चुकलं नव्हतं. नदीतून न्या म्हणाली ते बरोबर होतं, तोच जवळचा रस्ता होता. चुकलं ते माझ्या पायाचं.

मग मी घरी आलो, हातपाय धुतले, जेवलो. रीनानं विचारलं, कुठं गेला होता? सवारी होती, म्हणालो. तिला सांगितलं असतं तर ती सुटली असती आणि मी अडकलो असतो. म्हणून सांगितलं नाही. ती रोज सकाळी मायच्या घरासमोरून पाणी आणायला जायची आणि माय तोंड फिरवायची, हे मी दोन महिने बघत होतो. बघून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. आत नुसतं सुन्न.

आणि आता ती म्हणत होती, निघते का नाही ते पाहायचं आहे.

काठावरून पात्रात उतरायला ट्रॅक्टरवाल्यांनी उतार केलेला आहे. त्याच्या पायथ्याशी घट्ट मातीवर मी गाडी थांबवली. समोर पांढरी रेती, तिच्यात ट्रॅक्टरच्या दोन खोल चाकोऱ्या. टायरमध्ये बत्तीस हवा होती. बशीरभाईंचा काटा डॅशबोर्डच्या खणात होता आणि रीनाला त्यातलं काही माहीत नव्हतं.

मला काहीच करावं लागणार नव्हतं. नुसतं उतरायचं नाही, गिअर टाकायचा, चाकोरीत चाकं घालायची आणि दाबायचं. पन्नास पावलांवर गाडी पोट टेकवून बसली असती. मग मामींचं खरं, गावाचं खरं. रेतीत गाडी चालतच नाही. रीनानं मान खाली घातली असती आणि उरलेला जन्म ती तशीच ठेवली असती. मी मात्र जिवाचा आटापिटा करणारा जावईच राहिलो असतो.

हे सगळं मी अगदी शांतपणे ठरवत बसलो होतो, भाजी कोणती घ्यावी ते ठरवतात तसं. त्याचीच मला भीती वाटली. वर्षभरात पहिल्यांदा कशाची तरी भीती वाटली.

"काय झालं?" रीनानं विचारलं.

"काई नाई," मी म्हणालो. खण उघडून काटा घेतला आणि खाली उतरलो.

पुढच्या उजव्या चाकाशी बसून वाल्व दाबला. हवा सुटायचा आवाज झाला तसा तिकडचा दरवाजा उघडला. रीना येऊन माझ्या मागं उभी राहिली.

"हे काय करून राह्यले?"

"हवा काढून राह्यलो. रेतीत काढा लागते."

मी काटा लावला. चोवीस. पुन्हा दाबला. दुसऱ्या चाकाकडे गेलो, ती मागं आली.

"त्या दिवशी काढली होती?"

"नाई."

"काऊन नाई?"

"मालूम नव्हतं," मी म्हणालो. "त्या दिवशी छत्तीस होती."

चारही चाकांची हवा सोळावर आणायला चांगला वेळ लागला. ती प्रत्येक चाकाजवळ उभी राहिली, चौथ्या चाकापर्यंत. हातात पदराचं टोक होतं, ते गुंडाळत होती आणि सोडत होती. टायर खाली बसके झाले, जमिनीवर पसरले. ती एका टायरकडे बघत होती, घरात आलेल्या परक्या माणसाकडे बघतात तशी.

मी गाडी काढली. ट्रॅक्टरची चाकोरी सोडून दिली, कारण तिच्या मधल्या उंचवट्यावर आमच्या गाडीचं पोट टेकतं. कोऱ्या रेतीवर घातली. दुसरा गिअर, एकसारखा पाय. ब्रेक नाही, झटका नाही, स्टेअरिंग अगदी हलकं. गाडी जराशी डोलत निघाली, नावेसारखी. काचेबाहेर पांढरं ऊन पसरत होतं. रीना दोन्ही हातांनी सीट धरून समोर बघत होती.

मधे एका जागी रेती भुसभुशीत लागली. इंजिनाचा आवाज जड झाला, गाडी खाली ओढल्यासारखी झाली. माझा पाय आपोआप दाबायला निघाला. पंधरा वर्षांची सवय आहे, ती काही मला विचारून येत नाही. मी पाय काढला. गाडी आपसूक थांबली. मागचा गिअर टाकला, आल्या चाकोरीनं हळूच दहा पावलं मागं घेतली, जरा बाजूनं पुन्हा पुढं गेलो. निघाली.

"इथीच ना?" रीना म्हणाली.

"हो. इथीच."

मी गाडी थांबवली नाही. तिनंही थांबवा म्हटलं नाही. मामाजींची वाडी असायची ती जागा उजव्या हाताला होती. यंदा तिथं कुणी वेल लावले नव्हते. धार आली, तिच्या तळाला गोटे आहेत, तिथून सावकाश पाण्यातून गेलो. मग पुन्हा रेती, मग पलीकडचा चढ. डांबरी सडकेच्या कडेला एका मोहाच्या झाडाखाली मी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

रीनानं मोबाइल बघितला. "बारा मिनिटं," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"दवाखाना इथून किती?"

"पंधरा मिनिटं."

ती बराच वेळ समोरच्या काचेतून सडकेकडे बघत राहिली. एक एसटी गेली. मग तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमाले कवापासून मालूम आहे?"

खोटं बोलायची एवढी सवय झाली होती की तोंडाशी 'आजच कळलं' आलंच होतं. मी म्हणालो, "फेब्रुवारीपासून. बशीरभाईनं सांगतलं. मी तीनदा येऊन पाह्यलो."

"दोन महिने."

"हो."

"मी रोज रात्री पुलावरून गाडी नेऊन पाहो," ती म्हणाली. "डोये मिटून. आता आरमोरी आली, आता पूल आला, आता बाबाले उतरवलं. रोज. अन् तुमी बाजूले झोपून राहा."

तिचा आवाज चढला नाही. तिनं मला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर मी ऋणी झालो असतो. तिनं फक्त दरवाजा उघडला, उतरली आणि नदीकडे तोंड करून उभी राहिली. माझ्या छातीत काहीतरी दुखायला लागलं. वर्षभरानं दुखत होतं, म्हणून आधी कळेना काय होतंय ते.

मी डिकीतून हवा भरायचा पंप काढला. डांबरावर सोळा हवेनं जाता येत नाही, भरावीच लागते. पाइप जोडून पंप सुरू केला तेवढ्यात माझा फोन वाजला. मामींचा होता. आवाजात ऐकू येईना म्हणून पंप बंद केला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"चंदन, उडदाची दाळ सांगाची राह्यली बापा. वड्याले लागन. दोन किलो घेजो," मामी म्हणाल्या. "तिले सांग, पाहून घेजो म्हना, कीड नको. कुठी पोहोचले? पूल लागला का?"

मी रीनाकडे बघितलं. ती वळली होती. तिनं मान हलवली, नाही, आणि जवळ येऊन अगदी हळू म्हणाली, "पुलावरून आलो म्हना."

मी फोनवर हात ठेवला. "काऊन?"

"मायले एक तुमीच उरले आहा," ती म्हणाली. "माह्यं का, मले सवय झाली आता."

मामी पलीकडून हॅलो हॅलो करत होत्या. पुलावरून आलो, दोन शब्द होते. दाळ आणतो म्हणून फोन ठेवला असता तर परवा पहिलं ताट माझंच होतं. माझ्या बायकोनं ते ताट मला स्वतःच्या हातानं वाढून दिलं होतं, आणि तिच्यादेखत मी ते जेवलो असतो. मला स्वतःची किळस आली. बरं वाटलं, किळस आली म्हणून.

मी फोनवरचा हात काढला.

"मामी, आमी नदीतून आलो."

मी फोन तोंडाजवळ आणला.

"गाडी निघाली मामी. बारा मिनिटात पल्याड आलो. नदीतून निघते गाडी. मामाजीले घेऊन निघालो तवाही निघाली असती. रीना बरोबर बोलली होती. मले चालवता आली नाई. मी चुकलो, अन् मले मालूम होऊनही मी तुमाले सांगतलं नाई."

मी एका दमात बोललो आणि थांबलो. गाडीचं इंजिन तापून टिकटिक करत होतं. रीना माझ्यासमोर दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी होती. फोनमध्ये मामींच्या अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता, म्हणजे फोन चालू होता. त्या आता मला काय म्हणतील याची मी वाट बघत राहिलो. जे म्हणतील ते घ्यायची माझी तयारी होती.

मामी मला काहीच म्हणाल्या नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांचा श्वास ऐकू आला आणि मग आवाज, म्हातारा, फाटलेला.

"रीनाले दे फोन," त्या म्हणाल्या.